राएलवहिनीचं मुर्सिक

माझी वहिनी राएल ही आमच्या टेकडीवरची सगळ्यात ताठ मानेची बाई. चर्चमध्ये पहिला बाक तिचा, गाण्यात वरचा सूर तिचा आणि बायकांच्या दूधगटात शेवटचा शब्दही तिचाच. मी तिची नणंद. नणंदेच्या तोंडून भावजयीचं कौतुक सहसा निघत नाही, माझ्याही निघत नाही. पण एक गोष्ट मी कधी नाकारली नाही. तिच्यासारखं मुर्सिक नांदीच्या या डोंगरांत मी दुसऱ्या कुणाच्या हातचं प्यायले नाही.

मुर्सिक करण्यात तसं मोठं काही नाही. दूध उकळायचं, निववायचं, भोपळ्याच्या तुंब्याला आतून सेनेत्वेतच्या लाकडाचा कोळसा घासायचा, त्यात दूध भरायचं आणि झाकण लावून तुंबा अंधाऱ्या कोपऱ्यात उभा करायचा. वेगळं विरजण लावायला लागत नाही, ते वर्षानुवर्षं तुंब्याच्या अंगात मुरलेलं असतं. आमच्याकडच्या कुठल्याही पोरीला हे येतं. पण येणं वेगळं आणि हाताला गुण असणं वेगळं. राएलचं मुर्सिक दाट, निळसर राखाडी, आंबट असूनही घशाला न ओरबाडणारं. शहरातली शर्यत जिंकून कुणाचं पोर गावी आलं की त्याच्या ओठाला पहिला तुंबा लागायचा तो हिचा. सोयरीक ठरली की मंडळी आधी विचारायची, दूध राएलकडचं आहे ना?

हे तिला आयतं मिळालं नव्हतं. ती खालच्या केरियोच्या दरीतून लग्न होऊन आली तेव्हा माझी आई तिला "शेळ्यांच्या मुलखातली" म्हणायची. पहिलं वर्षभर तिला तुंब्यात दूध भरू दिलं नाही. फक्त तुंबे घासायचे. शिंदीच्या काडीचा कुंचा घेऊन ती परसात बसायची आणि आई दारातून चुका काढायची. राएल उलटून बोलली नाही, रडलीही नाही, शिकली. आई जाताना तिने मला बोलावलं नाही. राएलला बोलावलं आणि घरातले सगळे तुंबे तिच्या हवाली केले. मला चमचासुद्धा नाही. त्याचा राग मला अजून आहे, पण आईचं काही चुकलं असंही मला म्हणता येत नाही.

माझा भाऊ बार्नाबा तिच्या अगदी उलट. चहाच्या मळ्यात आयुष्य काढलेला, कमी बोलणारा, हळूच चिमटा काढणारा. बायको बोलत असली की हा गवताची काडी चावत ऐकायचा. लोक म्हणायचे, बार्नाबा बायकोला भितो. तो भीत नव्हता. त्याला ती आवडायची, इतकंच.

आमच्याकडे दूध लागलं नाही, म्हणजे विरजलं नाही, तर दोष दुधाला कुणी देत नाही, घराला देतात. घरात भांडण आहे, नवरा-बायकोत अंतर आहे, बाईच्या मनात काही आहे, असं बोललं जातं. बिलिआच्या मुलीच्या सोयरिकीला हेच झालं. बिलिआ म्हणजे आमच्या खालच्या वळणावर राहणारी, राएलहून बरीच लहान, गरीब स्वभावाची. त्या दिवशी तिचं मुर्सिक पाणचट निघालं. बाकीच्यांनी निमूट पिऊन टाकलं. राएलने एक घोट घेतला, कप परत थाळीत ठेवला आणि मुलाकडची म्हातारी मंडळी बसलेली असताना म्हणाली, "दूध चांगलंच असणार गं तुझं, बिलिआ. घरात काहीतरी बिघडलं असेल."

बिलिआचा नवरा तेव्हा शहरात दुसरीबरोबर राहत होता आणि हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सोयरीक मोडली नाही, पण बिलिआ त्यानंतर बरेच दिवस चर्चला मागच्या दाराने यायची. बार्नाबा त्या संध्याकाळी बायकोशी एक शब्द बोलला नाही. राएलला तेही कळलं नाही, किंवा कळून तिने लक्ष दिलं नाही.

हे सांगायचं कारण पुढे आहे.

मागच्या पावसाळ्यानंतर कुंपण साफ करताना बार्नाबाच्या हातून पांगा, आमचा लांब पात्याचा कोयता, सटकला आणि नडगीवर बसला. त्याने वर पाला बांधला आणि कामाला लागला. पाय सुजला, लाल झाला, ताप चढला तेव्हा कुठे मी त्याला मोटारसायकलवर बसवून आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी जखम साफ केली आणि जंतू मारायच्या कडक गोळ्या दिल्या. तिथली नर्स फिलोमेना आमच्याच भागातली. तिने मागोमाग आलेल्या राएलला समोर बसवून नीट समजावलं. या गोळ्या जखमेतले जंतू मारतील, पण आंधळ्यासारख्या मारतील, पोटातले आपल्या कामाचे जंतूही त्यात जातील. म्हाताऱ्या माणसाचं पोट मग सुटतं. तेव्हा गोळ्या चालू असेपर्यंत आणि संपल्यावरही काही दिवस जिवंत आंबट दूध द्यायचं. गोळीबरोबर नाही, गोळीनंतर दोन-तीन तासांनी. ते तापवायचं नाही, तापवलं की त्यातलं जिवंत काही राहत नाही. जुलाब वाढले तर घरी बसून राहायचं नाही, लगेच इथे यायचं.

"डब्यातलं दही चालेल, पण तुम्हाला मी ते काय सांगू," फिलोमेना हसून म्हणाली. "तुमच्याकडे तर तुंबा आहे."

राएलची मान त्या क्षणी कुठे पोचली होती ते मी बघत होते.

आता नशीब म्हणा. त्याच आठवड्यात तिच्या दुभत्या गायीची कास सुजली. दुसरी गाय विण्याला टेकलेली, आटलेली. जनावरांचा डॉक्टर आला, सडात औषध भरलं, सुई टोचली आणि सांगून गेला की अमुक दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, पोटात घ्यायचं नाही, ओतून द्यायचं. बार्नाबा पाय लांब करून अंगणात बसला होता. म्हणाला, "एकच औषध दोघांना. बघू आधी कोण उभं राहतं."

डेअरीला तिने थेंब घातला नाही. त्या बाबतीत ती सोन्यासारखी. औषधाचं एक कॅन मिसळलं तर सगळ्या टाकीतलं दूध आंबायचं नाकारतं, हे गटातल्या बायकांना घसा कोरडा करून तीच सांगायची. पण ओतून द्यायचं? आमच्यात दूध जमिनीवर ओतत नाहीत. सांडलं तरी बाई खाली वाकून ओलं गवत उपटते आणि गायीच्या पाठीवर टाकते. मुद्दाम ओतणं म्हणजे गायीला शाप देणं. राएल चरवी घेऊन परसाच्या टोकापर्यंत गेली आणि तशीच परत आली. तिने ते दूध खळखळून उकळलं, नेहमीपेक्षा जास्त कोळसा घासला आणि तुंब्यांत भरलं. एकात नाही, सगळ्यांत. तिचा हिशेब असा की उकळल्याने अर्धं औषध जाईल आणि उरलेलं कोळसा आणि तुंबा खाऊन टाकतील. आईच्या तुंब्यांवर तिचा इतका विश्वास होता.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं, पण मी ते इथेच सांगते.

तिने पहिला तुंबा उघडला तेव्हा आत दूध जसंच्या तसं होतं. गोडसर, पातळ, कोळशाने काळपटलेलं. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तळाला काहीतरी बुळबुळीत झालं होतं आणि वास येत होता. कारण तिला कळलं नाही असं नाही, लगेच कळलं. गोळ्यांनी बार्नाबाच्या पोटात जे केलं तेच गायीच्या औषधाने तिच्या तुंब्यांत केलं होतं. सासूने दिलेलं, तिने इतकी वर्षं जपलेलं विरजण मेलं होतं. गायीचं दूध पुन्हा निर्धोक झाल्यावर तिने ताजं भरून पाहिलं, तेही लागलं नाही, नुसतं नासलं.

बार्नाबाचं पोट एव्हाना सुटलं होतं. फिलोमेनाने सांगितल्याप्रमाणे गोळीनंतर दोन-तीन तासांनी तो हाक मारायचा, "अगं, आण तुझं औषध."

आता सरळ गोष्ट कुठली होती? बाहेर यायचं आणि म्हणायचं, अहो, दूध लागलं नाही. बस्स. पण हे चार शब्द तिच्या तोंडातून निघेनात. औषधाची गोष्ट कुणी ऐकून घेणार नाही, हे ती जाणून होती. लोक एवढंच ऐकतील की राएलच्या तुंब्यात दूध लागलं नाही. मग घराकडे बघतील. नवरा अंथरुणाला खिळलाय आणि हिचं दूध लागत नाही. आणि हे बघणं त्यांना कुणी शिकवलं होतं, बिलिआच्या अंगणात?

ती माझ्याकडे आली आणि खोकला झालाय म्हणून लिंबं मागितली. माझ्या झाडाची लिंबं मी तिला ओंजळभर दिली, वर सुंठ घाल म्हणून सल्लाही दिला. तिने घरी जाऊन दूध कोमट केलं, लिंबू पिळलं, फाटलं ते घुसळून एकजीव केलं, रंगाला चिमूटभर कोळसा टाकला आणि कपात ओतून नवऱ्यापुढे धरलं.

तो प्यायला. ओठ पुसले आणि म्हणाला, "छान."

मग रोजचं ते सुरू झालं. मी बहुतेक दुपारी जायचे. राएल कप घेऊन यायची आणि तो पिऊन होईपर्यंत हलायची नाही, त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मला वाटायचं, केवढी काळजी करते. बार्नाबा मात्र वाळत चालला होता. गाल बसले, डोळे खोल गेले. किती वेळा जाऊन येतोस, मी विचारलं की म्हणायचा, होतं थोडंसं. मक्याच्या पिठाची उगाली पुढे केली की हात आखडता. मी एकदा शहरातून दह्याचे डबे घेऊन आले. राएलने ते बघितले आणि काही बोलली नाही, तेव्हाच मला नवल वाटायला हवं होतं. एरवी तिने मला डब्यांसकट फाटकाबाहेर काढलं असतं. उलट बार्नाबानेच डबे बाजूला सारले.

"घरात तुंबा असताना मी हे पिऊ? लोक काय म्हणतील हिला?"

"लोक खड्ड्यात गेले," मी म्हणाले. "तू हाडं मोजण्यासारखा झालायस."

"घेऊन जा, तेक्ला. पोरांना दे."

मी डबे उचलले आणि दोघांनाही मनातल्या मनात शिव्या घालत घरी आले. एवढा कसला माज, असं वाटलं मला.

रविवारी चर्चनंतर गेले तर तो संडासाच्या वाटेवर पडलेला. शुद्ध होती, पण जीभ लाकडासारखी झाली होती आणि हाताची कातडी ओढली तर ओढलेलीच राहत होती. शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये घालून आम्ही त्याला नेलं. राएल त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

केंद्रात त्याला सलाईन लावलं, गोळ्या बदलल्या. डॉक्टर रागावले ते उशीर केल्याबद्दल. दुधाने सगळं थांबलं असतं असं नाही, कुणाकुणाचं पोट काही केल्या ऐकत नाही, असं त्यांनीच सांगितलं. पण इतकं होईपर्यंत घरी का ठेवलं, हे त्यांनी आम्हा दोघींना पुन्हा पुन्हा विचारलं. दुसऱ्या दिवशी तो जरा सावरला. फिलोमेना राएलला म्हणाली, "मुर्सिक देत होतात ना?"

"देत होते," राएल म्हणाली.

"मग उद्या तेच आणा. डॉक्टर हो म्हणालेत. थोडं थोडं सुरू करू. घरचं, ओळखीचं पोटाला लवकर मानवतं."

राएल बाहेर आली आणि भिंतीलगतच्या बाकावर बसली. मी शेजारी बसले. समोर बायका कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्याकडे बघत तिने मला सगळं सांगितलं. चरवी, तुंबे, माझी लिंबं, सगळं. आवाज चढला नाही, उतरला नाही. शेवटी म्हणाली, "वन्सं, मी त्यांना रोज लिंबू पाजत होते. पोट जळत असेल त्यांचं. आणि मी बघत उभी राहायचे. कशासाठी माहितीय? कळलं की काय ते बघायला."

मी संतापले. भाऊ माझा होता. तोंडात बरंच काही आलं होतं, आणि इतक्या वर्षांचं साठलेलं त्यात होतंच. पण तिची मान मी पहिल्यांदाच अशी खाली गेलेली बघत होते, आणि ते बघून मलाच लाज वाटली, कुणाला तरी उघडं बघितल्यावर वाटते तशी. मी एवढंच म्हणाले, "आता उद्याचं काय?"

उद्याचं एकच होतं. माझी गाय आटलेली, माझे तुंबे रिकामे. आमच्या टेकडीवर त्या दिवसांत चांगलं मुरलेलं मुर्सिक फक्त बिलिआकडे होतं. मी राएलला म्हणाले, मी मागून आणते, माझ्या नावावर. कुणाला कळायचं नाही.

तिला ते हवं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मग उठली. "नको वन्सं. लपवूनच इथवर आलेय. मीच जाते."

मी तिच्याबरोबर गेले. बाजाराचा दिवस होता आणि राएल रिकामा तुंबा हातात धरून सबंध रस्ता चालत गेली. आमच्याकडे भरला तुंबा घेऊन बाई कुणाकडे जाते, रिकामा घेऊन नाही. बायका नमस्कार करायच्या आणि त्यांची नजर तुंब्यावर जाऊन थांबायची. बिलिआ अंगणात मका सोलत होती. राएल उभ्या उभ्याच बोलली. औषधाचं दूध मी तुंब्यांत भरलं, म्हणाली, ते लागलं नाही, मी नवऱ्याला लिंबू पिळून फसवलं, आता तो दवाखान्यात आहे. मला थोडं मुर्सिक दे. तुझ्या अंगणात मी तुला जे बोलले ते मला आठवतंय, म्हणून तुझ्याकडे यायला पाय उचलत नव्हते.

बिलिआने तिला स्टूल दिलं. आत जाऊन तुंबा आणला, आमचा भरला. झाकण लावताना खाली बघत म्हणाली, "दूध चांगलंच असणार तुमचं, वहिनी."

आणि थांबली. पुढचं वाक्य तिने म्हटलं नाही. राएल ते म्हटलं जाण्याची वाट बघत बसून राहिली. मला वाटतं, ते म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. बिलिआने मग घरातला एक लहान तुंबाही तिच्या हातात ठेवला. तुमचे सगळे घासून घ्या, म्हणाली, आणि प्रत्येकात यातलं थोडं घाला, म्हणजे पुन्हा लागतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते घेऊन केंद्रात गेलो. बार्नाबा उशीला टेकून बसला होता. राएलने कपात ओतलं, पण त्याच्या हातात दिलं नाही. आधी सांगितलं.

"हे माझं नाही. बिलिआचं आहे. आणि आधी देत होते तेही..."

"लिंबाचं होतं," बार्नाबा म्हणाला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने हात पुढे करून कप घेतला आणि एक घोट हळू घेतला. "पहिल्या दिवशीच कळलं. तुझ्या हातचं किती वर्षं पितोय मी."

"मग प्यायलात कशाला?" राएलचा आवाज फाटला. "जीव जात होता तुमचा. मला विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं." त्याने आणखी एक घोट घेतला. त्याला दम लागत होता. "मला वाटलं, तू आपण होऊन सांगशील. रोज वाटायचं, आज सांगेल. म्हणून पीत राहिलो."

राएल पलंगाच्या कडेला बसली. खांद्यावर पांघरलेला लेसो तिने तोंडावर ओढून घेतला आणि त्याच्या आतून तिचे खांदे हलत राहिले. बार्नाबाने कप संपवला, रिकामा कप मांडीवर ठेवला आणि तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही हे न कळल्यासारखा हात मध्येच धरून बसला. मी उठून बाहेर बाकावर जाऊन बसले.